रोल कोरा आला तर आधी कडेचे आकडे बघा: बेळगावात बसून फिल्म वापरणाऱ्याचा रिव्ह्यू

गेल्या दीड वर्षात माझे २७ रोल झाले. त्यातले चार पूर्ण वाया, दोन माझ्या चुकीनं, एक दुकानाच्या आणि एक लॅबच्या. रोलची किंमत हजाराच्या घरात गेल्यापासनं कुठला रोल कुठनं घेतला, कुठं धुतला, काय बिघडलं हे सगळं मी एका वहीत लिहितोय, बायको म्हणते किराण्याचा हिशोब एवढा ठेवला असतास तर एव्हाना वरचा मजला चढला असता. असो. ती वही पुढ्यात घेऊनच हे टाईप करतोय, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडनं महिन्याला दोघं-तिघं तरी विचारतात की माळ्यावर जुना कॅमेरा सापडलाय, रोल कुठं मिळतो आणि आता कोण धुवून देतं. दर वेळी तेच सांगून बोटं दुखली. दुकानांची आणि लॅबची नावं टाकत नाही, भांडण नकोय, नावं पाहिजेत तर भेटल्यावर तोंडी सांगतो.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. यशिका एफएक्स-३ सुपर २०००, मामांचा, मस्कतला होते तेव्हा घेतलेला, आमच्या घरातली बारशी, मुंजी, लग्नं सगळी त्याच्यावरच निघालीत. माळ्यावरनं काढला तेव्हा वरचं काळं रेक्झिन पापडागत सुटलेलं, हात लावला की चुरा, पण ते या मॉडेलचं जुनंच दुखणं आहे, मनावर घ्यायचं नाही. मागच्या दाराच्या खोबणीतला फोम विरघळून डांबर झालेला, तो रॉकेल-स्पिरिटनं काढून काळ्या लोकरीचा धागा चिकटवला, आजतागायत उजेड आत शिरला नाही. शटर पूर्ण मेकॅनिकल, बॅटरी फक्त उजेड मोजायच्या मीटरला, एलआर ४४ दोन, घड्याळवाल्याकडं मिळतात. मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करतो, दिवसभर मायक्रोमीटर हातात, त्यामुळं असलं यंत्र बघितलं की जीव रमतो, फोटो कसा येतोय ते नंतर.

पहिला रोल राजहंसगडावर नेला. फोमापान १००, काळापांढरा, तेव्हा स्वस्तातला स्वस्त तोच होता. सूर्य उगवायच्या आधी येळ्ळूरला गाडी लावली, वर धुकं, बुरुज, देवळाची पायरी, सगळं मस्त जमून आलं आणि ३६ झाले तरी लिव्हर पुढं चाललाय, ३७, ३८, ३९, मी म्हणलं वा, बोनस. खाली येऊन रिवाइंड करायला गेलो तर दोन गिरक्यांत संपलं. फिल्मचं टोक आतल्या स्पूलला धरलंच नव्हतं. काउंटर फिल्म मोजत नाही, लिव्हर मोजतो, हे कळायला सातशे रुपये आणि एक पहाट गेली. तेव्हापासनं लिव्हर मारताना डाव्या हाताची रिवाइंडची चकती फिरते का बघायचं, ती फिरली तरच फिल्म पुढं सरकतीय. नवीन माणसानं एवढं एक जरी लक्षात ठेवलं तरी बास.

आता दुकानं.

बेळगावात दुकानात जाऊन ताजा रोल हातात घ्यायचे दिवस गेले. कॅम्पात, खडेबाजारात, किर्लोस्कर रोडला विचारून झालं, एके ठिकाणी काउंटरखालनं २००९ सालचा रोल काढून दिला, वर "प्युअर पीस आहे साहेब" म्हणाला. मग ऑनलाइन. पहिलं दुकान मोठं, वेबसाइट झकास, कोडॅक, इलफर्ड, फोमा, लोमो सगळं, फोटोत रोल चॉकलेटगत मांडलेले. मी कोडॅक गोल्ड २०० कलरचे दोन आणि इलफर्डचा काळापांढरा एचपी ५ एक मागवला. पॅकिंग चांगलं, बबल रॅप, एक स्टिकर फुकट. आता पत्त्याची गंमत ऐका. मी पत्ता मराठीत बोलतो तसा लिहिला, गल्लीचं नाव, देवळामागं, टिळकवाडी, बेळगाव, पिनकोड ५९०००६. तिथल्या कुणीतरी नाव मराठी, गल्ली मराठी बघून राज्याच्या जागी महाराष्ट्र टाकलं. पार्सल गेलं कोल्हापूरला. तिथं तीन दिवस बसलं, मग पिनकोड बघून हुबळी, मग बेळगाव. १९५६ पासनं सीमाप्रश्न लोंबकळतोय, २००४ पासनं सुप्रीम कोर्टात दावा पडलाय, पण आमच्या रोलपुरता निकाल कुरिअरवाल्यानं आठवडाभरात लावला. तेव्हा इकडच्या सगळ्यांनी पत्त्यात "बेळगावी, कर्नाटक" असंच लिहा, मनाला काय वाटायचं ते वाटू दे, रोल घरी यायला पाहिजे.

पण खरी तक्रार ती नाही. दुसऱ्या ऑर्डरला त्यांच्याकडनंच आणखी एक कलर रोल घेतला, साइटवर "फ्रेश स्टॉक" लिहिलेलं. डबीवर एक्सपायरीच्या जागी त्यांचा पांढरा स्टिकर, त्यावर बारकोड. मी आपला तसाच भरला, गोकाकच्या धबधब्याला नेला, धुवून आला तर सगळं मातकट, सावल्यांत जांभळी छटा, दाणे असे की ज्वारीचं पीठ सांडलंय. मग कचऱ्यातनं डबी काढली, स्टिकर नखानं खरवडला, खाली सहा वर्षं जुनी तारीख. फोन केला तर म्हणाले फिल्म तारखेनंतरपण चालते सर. चालते की, कोण नाही म्हणतंय! जुन्या फिल्मला दर दहा वर्षांमागं साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड द्यायचा असा लोकांचा ठोकताळा आहे, फ्रिजमध्ये ठेवलेली असली तर त्याहून बरी टिकते, आणि मुद्दाम जुनी वापरणारेही आहेत. पण मग जुनी म्हणून विका, अर्ध्या किमतीत विका, स्टिकर कशाला? पैसे परत दिले नाहीत, पुढच्या ऑर्डरवर दहा टक्के सूट देतो म्हणाले. पुढची ऑर्डर गेली नाही.

दुसरं दुकान म्हणजे खरं तर दुकान नाहीच, एक माणूस आहे, घरातनं विकतो, साइट अगदी गबाळी, फोटो अंधारात काढलेले. पण विचारलं की त्या बॅचचा एक्सपायरीचा फोटो पाठवतो, फ्रिजचं दार उघडून दाखवतो, आणि एप्रिल-मेमध्ये ऑर्डर टाकली तर सांगतो की शुक्रवारी नको, पार्सल शनिवार-रविवार कुठल्यातरी पत्र्याच्या गोडाऊनमध्ये तापत पडेल, सोमवारी टाकतो. किंमत पन्नास-साठ जास्तच घेतो. मी सगळं आता त्याच्याकडनंच घेतो. त्यानंच एकदा मला एक रोल विकायला नकार दिला, ते सिनेमाचं फिल्म होतं, कोडॅक व्हिजन ३ कापून डबीत भरलेलं. म्हणाला तुम्ही धुणार कुठं ते आधी सांगा. त्या फिल्मच्या पाठीवर काळा थर होता, रेमजेट म्हणतात, आणि ते नेहमीच्या सी-४१ च्या, म्हणजे कलर रोल धुण्याच्या, मशिनमध्ये गेलं तर तो थर सुटून सगळं केमिकल नासवतो, तुमचा रोल जातो तो जातो, दुसऱ्यांच्या लग्नाचे रोलपण जातात. विकणाऱ्यानं गिऱ्हाईकाला हे विचारणं मी पहिल्यांदाच बघितलं.

कुठली फिल्म घ्यायची, तर माझं सरळ मत, काळ्यापांढऱ्यात इलफर्ड एचपी ५ प्लस. ४०० ची आहे (आयएसओ, फिल्मला किती कमी उजेड पुरतो त्याचा आकडा), मीटर थोडं चुकलं तरी सांभाळून घेते, पावसाळी उजेडात ८०० धरून काढली आणि धुताना वेळ वाढवली तरी रुसत नाही. इलफर्ड २००४ साली बुडायला आलेली, मग तिथल्याच मॅनेजर लोकांनी मिळून कारखाना विकत घेतला आणि हारमन नावानं चालवला, इंग्लंडात मॉबर्लीला, तो अजून चालू आहे. त्याच हारमननं डिसेंबर २०२३ मध्ये फिनिक्स २०० नावाची स्वतःची कलर फिल्म काढली. एक रोल वापरला, कपिलेश्वराच्या तळ्यावर, कॉन्ट्रास्ट भयंकर, लाल रंग पेटल्यासारखा, उन्हात पांढऱ्या भिंतीभोवती लालसर वलय. परत घेणार नाही, पण एवढ्या वर्षांनी कुणीतरी नवी कलर फिल्म बनवायचं धाडस केलं म्हणून एकदा पैसे दिले त्याचं दुःख नाही. कोडॅकनं २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा आमच्याकडच्या निम्म्या स्टुडिओंनी बोर्ड उतरवले होते, आणि त्याच कोडॅकनं आधी बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म २०१८ मध्ये परत आणली. गोल्ड २०० लग्नकार्याला झकास, हळदीचा पिवळा जसा डोळ्याला दिसतो त्याहून जरा गोडच येतो. फोमापान स्वस्त आहे पण १०० लिहिलंय म्हणून १०० धरू नका, मी ८० धरतो.

हाफ फ्रेमचं, म्हणजे एका फोटोच्या जागेत दोन फोटो, बरेच जण विचारतात. कोडॅक एक्टार एच ३५, त्या छोट्या प्लास्टिकच्या कॅमेऱ्यात ३६ च्या रोलवर ७२ निघतात, भाचीला घेऊन दिलाय. शटर एकच, भोक एकच, भर उन्हात किंवा फ्लॅश मारून, मधलं काही नाही. पण ७२ संपता संपत नाहीत, पोरगी कंटाळली. पेंटॅक्सनं २०२४ मध्ये हाफ फ्रेमचाच पेंटॅक्स १७ नवा कोरा काढला, तो हातात घेतला नाही त्यामुळं बोलत नाही.

आता लॅब, आणि या रिव्ह्यूचं खरं कारण.

कलर घरी धुता येतं, पण सी-४१ ला डेव्हलपर (फोटो उमटवणारं केमिकल) ३७.८ डिग्रीवर सव्वातीन मिनिटं पाहिजे, अर्धा डिग्री इकडंतिकडं झालं की रंग सरकला. बादलीत गरम पाणी ओतत बसायला मला वेळ नाही. म्हणून रोल साठवून कुरिअरनं एका मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवायचो. एकदा चार गोल्ड आणि एक एचपी ५ असे पाच पाठवले, डबीवर मार्करनं ठळक लिहून, वर चिठ्ठी, की एचपी ५ ब्लॅक अँड व्हाइट आहे, वेगळी धुवा. बारा दिवसांनी लिंक आली, चार रोलचे स्कॅन, पाचव्याबद्दल एक ओळ, "रोल ब्लँक, एक्स्पोज झालेला नाही". मला राजहंसगड आठवला. म्हणलं परत तेच केलं वाटतं आपण, पण रिवाइंडची चकती फिरलेली मी डोळ्यानं बघितली होती. त्या रोलवर आजी होती. शहापुरात जुन्या घराच्या सोप्यात बसून शेवया वळताना. घर त्याच महिन्यात पाडलं.

निगेटिव्ह मागितले तर म्हणाले, निगेटिव्ह परत पाहिजे असतील तर ऑर्डर देताना सांगायचं असतं, वेगळे दीडशे, नाहीतर आम्ही महिन्यानं टाकून देतो. टाकून देतो! म्हणजे पैसे मी द्यायचे, फिल्म माझी आणि मूळ वस्तू यांच्या कचऱ्यात. दीडशे भरले, भांडलो, मागवले.

ते घेऊन काकांकडं गेलो. हे काका म्हणजे खडेबाजाराच्या मागं एका बोळात स्टुडिओ आहे, वय पंचाहत्तरच्या आसपास, आता पासपोर्ट फोटो, आधारला लागणारे फोटो आणि लॅमिनेशन एवढंच. नाव घालू नको म्हणालेत, "गर्दी झाली तर कोण बघणार". त्यांनी चष्मा कपाळावर सारला, ती फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली आणि फोटोंच्या जागेकडं बघितलंच नाही, कडेला बघितलं. दोन्ही कडा बोटानं चाचपत टोकापासनं टोकापर्यंत गेले.

"आकडे कुठायत रे?"

मला कळेना कुठले आकडे.

त्यांनी ड्रॉवरमधनं माझाच राजहंसगडाचा रोल काढला, तो त्यांनीच धुतलेला. त्याच्यावरपण फोटो एक नव्हता, पण कडेला फिल्मचं नाव, १, १ए, २, २ए असे आकडे कडक काळे उमटलेले. "हे कारखान्यात छापून येतात, उजेडानं. कॅमेऱ्याचा संबंध नाही. धुणं नीट झालं की हे उमटायलाच पाहिजेत. आकडे आहेत, फोटो नाही, तर चूक कॅमेऱ्याची नाहीतर तुझी. आकडेच नाहीत तर धुणाऱ्याची. तुझ्या त्या लॅबवाल्यानं काळीपांढरी फिल्म कलरच्या मशिनमध्ये घातली बघ." सी-४१ मध्ये ब्लीच असतं, ते चांदी खाऊन टाकतं, कलर फिल्ममध्ये मागं रंग उरतो, एचपी ५ मध्ये रंग नसतोच, मग उरतं काय, स्वच्छ प्लास्टिक. काचेगत. आजी त्यात गेली.

लॅबला कडांचा फोटो पाठवला. दोन दिवस गप्प, मग एक रोल धुण्याचे पैसे परत आले, सॉरी नाही. आता कुणीही विचारलं लॅब कशी निवडायची, तर स्कॅन किती मेगापिक्सेल, मशीन नोरित्सू का फ्रंटियर, हे सगळं नंतर, पहिला प्रश्न हाच विचारा, निगेटिव्ह न मागता परत देता का? जो देतो तो चुकला तर पकडला जाईल हे त्याला माहीत असतं. जो टाकून देतो त्याच्याकडं तुमच्या चुकीचाही पुरावा नाही आणि त्याच्याही. सध्या ज्या लॅबला पाठवतो ती रोलमागं शंभर जास्त घेते, सहा-सहाच्या पट्ट्या कापून बटर पेपरमध्ये घालून पाठवते, आठ-दहा दिवस लागतात, नऊ रोल झाले, एकही तक्रार नाही. एकदा स्कॅन जरा हिरवट आलेले, सांगितल्यावर परत करून दिले.

काळंपांढरं मात्र आता बाहेर पाठवतच नाही. काका रोलचे अडीचशे घेतात, पण चार रोल जमल्याशिवाय केमिकल करत नाहीत, म्हणून मीच शिकलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी एक खराब रोल आणि स्टीलची रीळ हातात दिली, म्हणाले आधी डोळे उघडे ठेवून दहा वेळा भर, मग डोळे मिटून दहा वेळा, मग ये. चेष्टा वाटली. अंधारात फिल्म जरा वाकडी गेली की एक वेढा दुसऱ्याला चिकटतो आणि तिथं केमिकल पोचत नाही, निगेटिव्हवर जांभळा चट्टा राहतो. सोळाव्या वेळेला जमलं. बोटांना कळायला लागतं, नीट बसली की फिल्म किंचित मागंपुढं हलते, खुळखुळते. नाही हलली की काढायची.

त्यांच्या डार्करूमच्या दारामागं एक जुनं कॅलेंडर आहे, पाठीवर निळ्या शाईनं डी-७६ या डेव्हलपरचं माप. मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनॉन ५, बोरॅक्स २, पाणी लिटर होईपर्यंत. कोडॅकचा १९२७ चा फॉर्म्युला, अजून तोच. काका ते सोनाराच्या तराजूवर तोलतात, पाणी पन्नास डिग्रीला, आणि आधी सल्फाइटची फक्त एक चिमूट टाकतात, मग मेटॉल, ते विरघळलं की उरलेलं सल्फाइट. मी विचारलं उलटं केलं तर काय होतंय, म्हणाले "होतंय काय, तळाला बसतंय तसंच, ढवळत बस रात्रभर". सल्फाइट जास्त झालेल्या पाण्यात मेटॉल विरघळत नाही, चिमूट मात्र आधी लागते नाहीतर मेटॉलला हवा लागते. मेटॉलनं कातडी उलते काहीजणांची, काकांच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं अजून खरखरीत आहेत. ग्लोव्हज घाला.

त्यांच्या बोलण्यात फिल्मची नावंच वेगळी. ओर्वो, पूर्व जर्मनीची, ती सगळ्यात जास्त वापरली म्हणतात. आणि इंदू. नव्या पोरांना हे माहीतच नाही की आपल्या देशात सरकारी फिल्मचा कारखाना होता, उटीला, हिंदुस्थान फोटो फिल्म्स, १९६० ला कंपनी निघाली, तिचा ब्रँड इंदू. काकांचं इंदूबद्दल मत काही चांगलं नाही, छापण्यासारखंही नाही, पण एक रिकामी डबी त्यांनी खिळे ठेवायला जपून ठेवलीय. आणि एक अग्फा क्लिक थ्री, बडोद्याला बनायचा, १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो. त्याच्यावर कॉपी काढायला एन्लार्जर (फोटो मोठा करायचं यंत्र) नसला तरी चालायचा, निगेटिव्हच एवढी मोठी, सरळ कागदावर ठेवून कॉन्टॅक्ट कॉपी.

माझी दुसरी चूक घरच्या धुण्यातली आहे, ती पण सांगून टाकतो. डेव्हलपर आणि हायपो, म्हणजे फिक्सर, दोन्ही मी कोल्ड्रिंकच्या सारख्याच दोन लिटरच्या बाटल्यांत भरलेले. चिठ्ठी भिजून गळाली. आधी हायपो ओतला. फिक्सर आधी गेला म्हणजे संपलंच, चांदी सगळी धुपून जाते. बाहेर काढली, स्वच्छ, काचेगत, कडेचे आकडेपण नाहीत. काकांना न्यायची गरजच नव्हती, यावेळी लॅबवाला मीच होतो. आता हायपोच्या बाटलीला लाल चिकटपट्टी आणि गळ्यात सुतळी, अंधारातसुद्धा हाताला कळते.

इकडच्या हवामानाचं दोन शब्दांत. बेळगावाला गरिबांचं महाबळेश्वर म्हणत असतील पण एप्रिलमध्ये नळाचं पाणी २८-२९ डिग्रीला असतं आणि डेव्हलपरला २० पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ बांधून बाटली त्यात बसवायची, बर्फ सरळ केमिकलमध्ये टाकायचा नाही, पातळ होतं. एचपी ५ ला डी-७६ निम्मं पाणी घालून २० डिग्रीला ११ मिनिटं, न घालता साडेसात. शेवटचं पाणी बोअरचं वापरलं तर वाळल्यावर पांढरे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर गोव्याकडच्या रस्त्याला कुठल्याही बॅटरीवाल्याकडं मिळतं, त्यात एक मिनिट बुडवून टांगायचं. कॅफेनॉल, म्हणजे कॉफीचा डेव्हलपर, तोपण करून बघितला, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, धुण्याचा सोडा ५४, व्हिटॅमिन सी १६, लिटरला, पंधरा मिनिटं. निगेटिव्ह आली की हो, चांगली आली, पण वास असा सुटला की शेजारची काकू गटार तुंबलं म्हणून महापालिकेला फोन करायला निघाली. चिकोरी घातलेली कॉफी घेऊ नका, पहिला तुकडा फिकट आला तो त्यानंच असावा असा माझा वहीम आहे.

राहिला आमचा व्हॉट्सॲप ग्रुप. तेवीस जण. बेळगावचे नऊ, निपाणी, कोल्हापूर, खानापूर, चारजण हुबळी-धारवाडचे. मराठी, कन्नड, अर्धं इंग्रजी, कुणाला काही अडत नाही. पार्सल आलं की धारवाडचा एकजण कन्नडमध्ये "रोल बंतु" (रोल आला) एवढंच टाकतो आणि सगळे तेच म्हणायला लागलेत, आता कोल्हापूरचा माणूसपण "रोल बंतु" लिहितो. राजकारण आलं की ॲडमिन मेसेज उडवतो, दोन्हीकडचं सारखंच उडवतो. या ग्रुपची मला आवडलेली गोष्ट म्हणजे भारी फोटो टाकणाऱ्याला तीन अंगठे मिळतात आणि बिघडलेला रोल टाकणाऱ्याला चाळीस मेसेज. कडेचे आकडे, कुठल्या फ्रेमपासनं डाग, डाग भोकांपासनं सुरू होतो का मधूनच, शटर का दार, अशी पोस्टमॉर्टेम रात्री एकपर्यंत चालते. एकदा सगळे मिळून कोल्हापूरला गेलो, खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ आहे, बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरातच सिनेमाचा कॅमेरा बनवला त्याची आठवण, तिथं तेवीसातल्या अकरा जणांनी एकमेकांचे फोटो काढले आणि पोलिसानं विचारलं कुठल्या पेपरचे तुम्ही.

वाईट बाजूपण आहे. जुने कॅमेरे विकणारे घुसतात, "फुल वर्किंग, फिल्म टेस्टेड" लिहितात, टेस्टेड म्हणजे शटरचा आवाज आला एवढंच. लेन्समध्ये टॉर्च मारून फोटो मागा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर फंगस लागत नाही असं घर नाही, कोळ्याच्या जाळ्यागत दिसतो. पाठवत नसेल तर घेऊ नका.

ग्रुपचा खरा फायदा बल्कचा. ३०.५ मीटरचा एक मोठा रोल घेतला तर त्यातनं ३६ चे साधारण अठरा रोल निघतात. सहाजण, प्रत्येकी तीन-तीन, लोडर (मोठ्या रोलातनं डब्या भरायचं यंत्र) एकाचा, रिकाम्या डब्या फोटो लॅबवाल्याकडनं मागून आणायच्या, त्याला कचराच तो. रोलमागं निम्म्यापर्यंत पैसे वाचतात. डबीवर मूळ फिल्मचे चौकोन छापलेले असतात त्यामुळं ऑटोमॅटिक कॅमेरा ते वाचून भलताच आयएसओ धरतो, त्यावर काळी टेप मारा, आणि शेवटच्या दोन फ्रेम उजेडात चिकटवलेल्या असतात, त्या काळ्या येणारच, तिथं महत्त्वाचं काही काढू नका. हे मी चार वेळा सांगूनही निपाणीच्या पोरानं शेवटच्या फ्रेमवर बहिणीच्या अक्षता काढल्या.

यंदाच्या बल्कला केंटमिअर ४०० ठरलीय, वर्गणी चालू आहे, दोन जागा शिल्लक. पावसाच्या आधी मागवायचं आहे. काका गुरुवारी असतात, पाच नंतर, रोल नेला तर सोबत रिकामी बाटली घेऊन जा, त्यांच्याकडच्या संपल्यात.